जिन्याखालचा भूकंप

सकाळी अकरा वाजता प्रोग्रामरची सूचना चौथ्यांदा पुढच्या वर्षावर ढकलली गेली.

संस्था भूकंपांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर चालवायची. ते सर्वांना खुलं होतं. कुणीही वापरावं, कुणीही सुधारणा पाठवावी, मंजुरी मात्र साहेबांची. माणसाची पावलं आणि जमिनीचा हादरा यांतला फरक सॉफ्टवेअरला कळावा, एवढंच प्रोग्रामरचं म्हणणं होतं. कारण सेन्सर जिन्याखाली होता, आणि जिन्याखाली होता कारण प्लग तिथेच होता.

"आधी नकाशाचे रंग," साहेब म्हणाले. "लोक रंग बघतात."

पालथ्या घड्यावर पाणी. प्रोग्रामरने वाद घातला नाही. त्याची दोनदा रद्द झालेली रजा दुपारी सुरू होणार होती. पाचच्या गाडीची तिकिटं खणात होती.

तेवढ्यात जिन्यावर हमालांच्या हातून लोखंडी कपाट निसटलं. सॉफ्टवेअरने भूकंप नोंदवला, भोंगा वाजला. चारही मजले, नियमाप्रमाणे हातातलं टाकून, जिन्याने खाली धावले. सॉफ्टवेअरने आणखी मोठा भूकंप नोंदवला.

जमीन अर्धा तास शांत असल्याची खात्री केल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, असा नियम. अर्धा तास झाला की पहारेकरी खात्री करायला आत जायचा आणि भोंगा वाजायचा.

"काका, भूकंप तुम्हीच आहात," प्रोग्रामर म्हणाला.

"मी? माझं वजन ते काय," पहारेकरी दुखावला. "प्लग काढू का?"

"काढलात तर भूकंपाने वीज गेली असं समजेल ते."

दुपारी साहेबांनी फुटपाथवरच आराखडा बदलला. "तुमची सूचना पहिली. आत्ताच करून टाका."

"झालीय, साहेब. एका अनोळखी मास्तरांनी दोन वर्षांपूर्वीच सुधारणा पाठवलीय. फक्त तुमची मंजुरी बाकी आहे."

"मग दिली."

"ती तुमच्या कॉम्प्युटरवरूनच देता येते."

साहेबांनी चौथ्या मजल्याकडे पाहिलं.

चार वाजता प्रोग्रामरची बायको बॅगा घेऊन आली.

"निघायचं ना?"

"तिकिटं वर आहेत."

"मग आणा की."

"भूकंप चालू आहे."

तिने जमीन पाहिली, इमारत पाहिली, मग नवऱ्याला पाहिलं. "तुमची रजा आली की बरी हलते ही जमीन."

"वहिनी, आत नाही जायचं..." पहारेकऱ्याचं बोलणं संपायच्या आत तिने दाराशीच सुरू होणाऱ्या जिन्यावर दोन्ही बॅगा आदळल्या आणि शेजारी बसली.

भोंगा वाजला.

हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार, साडेचार वाजता साहेब आणि प्रोग्रामर बूट हातात घेऊन पहिल्या पायरीवर उभे होते. दुसरीवर आधी कोणी पाय ठेवायचा, ते ठरलं नव्हतं.