सीलबंद किटली

जावयाने आणलेल्या खोक्याकडे बघून नुसतं ‘छान आहे’ म्हणायचं आणि ते माळ्यावर टाकून द्यायचं, एवढं शहाणपण तपासनीसांनी दाखवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांची सगळी नोकरी वीज कंपनीत लोकांचे मीटर तपासण्यात गेलेली. अशा माणसाच्या हातात कोणी भेट ठेवली, की तो आधी देणाऱ्याचा हात बघतो.

“काय आहे यात?”

“विजेची किटली, बाबा,” मुलगी म्हणाली. “पाणी उकळलं की आपोआप बंद होते.”

“आपोआप?” तपासनीसांनी भुवई चढवली. आपोआप मंदावलेल्या प्रत्येक मीटरमागे त्यांना एक माणूस सापडला होता.

तेवढ्यात जावयाने दुसऱ्या पिशवीतून इंडक्शनची शेगडी काढली. तपासनीस सावध झाले. एक वस्तू आली तर ती भेट; दोन आल्या म्हणजे बेत.

“बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही पातेलं जाळलंत,” मुलीने विषयाला हात घातला.

पातेलं जळालं होतं, हे खरं. पण त्या वेळी समोरच्या विजेच्या खांबावर एक अनोळखी इसम चढला होता. तो तिथे काय करतोय, हे कोणीतरी खाली उभं राहून बघायला नको?

“म्हणून म्हणतेय, सिलिंडर परत देऊन टाकू. पाण्याला किटली, बाकीच्याला ही शेगडी. आणि नाहीच जमलं तर आमच्याकडे चला. खोली रंगवून ठेवलीय.”

रंगवून ठेवलीय! म्हणजे रंग वाळलासुद्धा! आधी गॅसची शेगडी उचलायची आणि मग शेगडीवाल्याला, असा हा सरळ डाव होता. बायको जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. सकाळी पाण्याला आधण येतानाचा आवाज, एवढीच काय ती घरात कोणी असल्याची खूण उरली होती. पण हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. (दाखवलं असतं तर तेही त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं असतं.)

“ठीक आहे,” ते म्हणाले. “होऊन जाऊ दे शर्यत. किटली, तुमची ती शेगडी आणि माझा गॅस. ज्याचं पाणी आधी उकळेल ते राहील.”

“शर्यत कशाला, बाबा? मायक्रोवेव्ह पण आहे की तुमच्याकडे...”

“तो बाद. दार लावून आत काय चालतं ते दिसत नाही.”

जावई हसला. तपासनीसांनी ते हसणं मनात नोंदवून ठेवलं.

मग तयारी सुरू झाली. तिन्ही भांड्यांत एकाच पेल्याने पाणी ओतलं गेलं. पाणी ओतताना मुलीने पेला जरा कलता धरला, तर “सरळ! सरळ!” म्हणून तपासनीस ओरडले. प्रत्येक पाण्यात बोट घालून त्यांनी कोणी आधीच कोमट पाणी तर भरलं नाही ना, याची खात्री केली. जावयाने किटली आणि शेगडी एकाच बोर्डाला जोडली, तेव्हा “घर जाळायचंय का?” म्हणून तपासनीसांनी शेगडीची वायर काढून फ्रिजच्या जागी लावली. तरीही त्यांचं समाधान होईना. किटलीला झाकण होतं. झाकण उघडून कोणी गरम पाणी ओतलं तर?

त्यांनी कपाटातून बारीक तार आणि शिशाची गोळी काढली, तार झाकणाच्या मुठीतून हँडलला गुंडाळली, पक्कडीने गोळी दाबली आणि किटली सील करून टाकली.

“बाबा, ती किटली आहे, मीटर नाही!”

“तुझी आईही डब्यांना सील लावलं की असंच म्हणायची.”

“पण पाणी उकळलं हे ठरवणार कसं?” जावयाने विचारलं.

“तुमची किटली आपोआप बंद होते ना? झाली की उकळलं. चला, सुरू!”

जावयाने दोन्ही बटणं दाबली. तपासनीसांनी गॅसचं बटण फिरवलं आणि लायटर टकटकवला. पण डोळे मात्र जावयाच्या हातांवर. क्षणभरसुद्धा ते हलले नाहीत.

किटली गुणगुणू लागली. मग घरघरली. मग तिच्यातून वाफ निघाली.

“उकळलं!” मुलगी ओरडली.

“बंद झाली का?”

“नाही, पण...”

“मग नाही उकळलं. नियम म्हणजे नियम.”

किटली थडथडू लागली. इंडक्शनवरचं पातेलंही खदखदायला लागलं. स्वयंपाकघर वाफेने भरलं, चष्मे पांढरे झाले. किटली काही बंद होईना.

“बघितलंत? आपोआप बंद होते म्हणे!” वाफेतून तपासनीसांचा विजयी आवाज आला. “ही फसवणूक आहे!”

“अहो बाबा, तुमच्या तारेने झाकण नीट लागलेलंच नाही! वाफ सगळी फटीतून बाहेर चाललीय. कशी बंद होईल ती?” जावयाने चाचपडत तिचं बटण बंद केलं.

मुलीने पदराने चष्मा पुसला आणि गॅसकडे बघितलं. “आणि बाबा, तुमचं पाणी?”

तपासनीसांचं पातेलं गार होतं. खाली ज्योतच नव्हती. बटण मात्र पूर्ण उघडं.

“बटण उघडं, आणि गॅस पेटलाच नाही!” मुलीने झटकन बटण बंद केलं. “हेच! याचीच भीती वाटते मला, बाबा. गॅस भरला असता घरात. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर चला. बस झालं.”

“थांब! गॅस आलाच कसा नाही? यात फेरफार आहे!” तपासनीस गुडघ्यांवर बसले आणि ओट्याखाली डोकावले. “रेग्युलेटर बंद आहे! कोणी केला? जावईबापू?”

“मी ओट्याखाली वाकलोसुद्धा नाही!”

“मग तू?”

“मी कशाला करू? बाबा, तुम्हीच...”

तपासनीस ओट्याखालीच थांबले. डोकं काही बाहेर येईना.

“हं,” ते आतून म्हणाले. “मीच. रात्री झोपताना करतो. सकाळी उघडायचा राहिला.”

“रोज?”

“तुझी आई करायची. ती गेल्यावर कोणीतरी करायलाच हवं.”

जावई उगाच इंडक्शनची वायर गुंडाळू लागला.

“मला वाटायचं, तुमचं लक्ष नसतं,” मुलगी म्हणाली.

“सकाळी नसतं,” तपासनीसांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

तिने वाकून रेग्युलेटर उघडला आणि स्वतःच्या हाताने गॅस पेटवला. “राहू दे तुमचा सिलिंडर. आणि तुम्हीही राहा इथेच.”

ती इतक्या सहज कशी कबूल झाली, याचा तपासनीसांना चहा संपेपर्यंत संशय येत राहिला. पण कप विसळून झाले, गाडी सुरू झाली, आणि मुलीने काचेतून खरोखरच हात हलवला. एकट्याने घर सांभाळायला आपण समर्थ आहोत, हे अधिकृतपणे मान्य झालं होतं. ताठ मानेने ते फाटकापर्यंत गेले आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

मागे वाऱ्याने लॅचचं दार धाडकन लागलं.

थोड्या वेळाने मुलीचा फोन वाजला. शेजारच्या काकूंचा नंबर होता.

“काकू, बोला.”

“काकू नाही, मी बोलतोय.”

“बाबा? काकूंच्या फोनवरून?”

“चालतो का नीट, ते बघत होतो. कुठपर्यंत पोचलात?”

“फार लांब नाही गेलो. का?”

“काही नाही. आपल्या दाराची दुसरी किल्ली तुझ्याकडे असते ना? ती खरंच लागते का, एकदा तपासायला हवी. आत्ताच.”