एका जणीची पाणबुडी

‘लेकीची शाळा सुटली, तर तुझ्याच देवळात येऊन तुझी ओटी भरीन,’ असा नवस अनसाबाई वाघजाईला बोलली होती. देऊळ आणि शाळा दोन्ही धरणाच्या पाण्याखाली होती, आणि शाळा अजून भरलेली होती.

त्याचं झालं असं, की तळकुंभे गाव उठलं तेव्हा माणसं, गुरं, भांडीकुंडी वरच्या वसाहतीत आली. पाणी चढलं तो मात्र शाळेचा दिवस होता. घंटा झाल्याशिवाय पोरं सोडायची नाहीत, हा गुरुजींचा नियम. शिपायाने वेळेवर टोल दिला, पण तोवर पाणी घंटेच्या वर गेलं होतं, आणि पाण्यात घंटा वाजत नाही. शाळा सुटली नाही. पाणी हळूहळू चढल्यामुळे ते पोरांच्या अंगवळणी पडलं. अनसाबाईची सुगंधा तेव्हा चौथीत होती, अजूनही चौथीतच होती. उन्हाळ्यात धरण उतरलं की पाढ्यांचे बुडबुडे वर येत, आणि वसाहतीतल्या आया काठावर बसून ते बघत.

रीत म्हणून अनसाबाई आधी शाळाखात्याच्या कचेरीत गेली. साहेब चांगलं बोलले.

“हजेरी पूर्ण आहे, बाई. तालुक्यात अशी दुसरी शाळा नाही. आणि तुम्ही सुटी मागता?”

“सुटी नको, साहेब. पोरांची नुसती संध्याकाळ व्हावी.”

“घंटा झाली की होईल.”

“घंटा वाजत नाही.”

“मग अजून वेळ झाली नसेल,” असं म्हणून साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला.

परतताना तिच्या मनात आलं, पाण्यात घंटा वाजत नसेल तर घंटेभोवती थोडी हवा न्यावी. देवघरातली घंटा होतीच. हवा न्यायला पाणबुडी लागणार होती.

लाकूडही होतं. जुन्या परसातला फणस गाव सोडताना नामदेवने, तिच्या नवऱ्याने, तोडून वर आणला होता, घराच्या आढ्यासाठी. घर मिळालं सिमेंटचं. खोड पडवीत पडून होतं.

“घ्या! आता नवसाला फणस लागतो,” नामदेव म्हणाला. “पुढच्या खेपेला मलाच घाल.”

“तुमचं लाकूड पोकळ. तरंगत बसाल,” ती म्हणाली, आणि भिवा सुताराला बोलवायला गेली.

भिवाने तिला ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसायला लावलं आणि दोरीने माप घेतलं. मग खोड आतून कोरलं, वर झाकण बसवलं, सांध्यांत कापूस आणि चंद्रुसाची राळ भरली, बघायला कंदिलाची काच लावली. तळाला एक भोक पाडून त्यात बूच ठोकलं.

“भिवाभाऊ, हे भोक कशाला? आणि दोघींपुरती झाली असती तर बरं. येताना पोरीला मांडीवर घेतली असती.”

भिवाने हातातला रंधा खाली ठेवला. “वैनी, पोर वरची हवा विसरली असणार. घंटा वाजवून झाली की हे बूच जरा जरा सैल करा. पाणी हळू आलं तर तुमच्याही अंगवळणी पडेल. मग बाहेर निघा.”

“आणि माघारी?”

“तेवढं मला बांधता येत नाही.”

अनसाबाईने मान हलवली. नवस ओटी भरण्याचा होता, माघारी येण्याचा नव्हता.

शुक्रवारी तिने खण, नारळ, तांदूळ, घंटा असं सगळं घेतलं. जुन्या घराची किल्ली कमरेला होतीच. खोडाखाली जातं बांधलं, म्हणजे ते तळाला जाईल. झाकण लावण्याआधी नामदेवने फडक्यात बांधलेली भाकरी आत दिली. “भूक लागली असेल तिला,” एवढंच म्हणाला.

शाळेसमोर पाणबुडी टेकली. अनसाबाईने घंटा वाजवली. फणसाच्या लाकडातून नाद बाहेर गेला. आत गुरुजींनी मान वर केली, पुस्तक मिटलं. पोरं कालवा करत बाहेर पडली आणि ज्याच्या-त्याच्या घराकडे पळाली.

तिने बूच सैल केलं. पाणी गुडघ्याशी आलं, कमरेशी आलं, गळ्याशी आलं. पहिला घोट छातीत फार दुखला. मग दुखायचं थांबलं.

आधी तिने देवीची ओटी भरली. मग घरी गेली. सुगंधा मांडीवर दप्तर घेऊन उंबऱ्यावर बसली होती.

“आई, कुठं गेली होतीस गं? कुलूप का?”

“ओटी भरायला,” ती म्हणाली आणि दार उघडलं. भाकरी भिजली होती. पोरीने ती उभ्या उभ्या खाल्ली.

दिवा लावायला अनसाबाई दाराशी आली, तेव्हा सगळी आळी तिला दिसली. घरोघरी उंबऱ्यावर पोर बसलेलं. गाव सोडताना प्रत्येकीने, घर सोडताना लावतात तसंच, कुलूप लावलं होतं. खाली आता संध्याकाळ झाली होती, आणि अंधार पडत होता.

सकाळी वसाहतीतल्या बाया धुण्याला आल्या, तर पाणबुडी वर तरंगत होती. तिला धरून अनसाबाई गळ्याइतक्या पाण्यात उभी होती. त्याहून वर आली की तिला धाप लागत होती.

“बायांनो, माझा नवस फिटला,” ती म्हणाली. “ही काठाला लावून ठेवते. एक गेली की तिनं जात्याचा दोर कापून ही दुसरीसाठी वर सोडायची. जातं जिचं तिनं आणायचं. तुम्हीही नवस बोला, देवी ऐकते. बूच हळू काढा, घाई करू नका. पोरं उंबऱ्यावर बसलीत. घंटा मी वाजवलीय. किल्ल्या तेवढ्या तुम्ही आणा.”