ओझोनवाली बाटली

कार्यमुक्तीच्या कागदावर नऊ सह्या लागत होत्या आणि शुक्रवारी सकाळी साडेअकरापर्यंत देवयानीने आठ मिळवल्या होत्या. ग्रंथालयाने दिली, वसतिगृहाने दिली, ज्या जिमखान्याचं दार तिने चार वर्षांत पाहिलं नव्हतं त्यानेसुद्धा दिली. संध्याकाळी सहाला जयपूर स्टेशनवरून गाडी होती. सोमवारी सकाळी दहाला हा कागद घेऊन कऱ्हाडच्या कॉलेजात हजर व्हायचं. नाहीतर ती नोकरी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला.

नववी सही मितालीची होती. रसायनशास्त्र विभागात नुकतीच लागलेली मिताली इथल्याच, जयपूरच्या शास्त्री नगरात मराठी घरात वाढली होती आणि विभागातल्या रसायनांचा ताबा तिने देवयानीकडून घ्यायचा होता. दोनशे चाळीस बाटल्या तिने मुकाट्याने घेतल्या. एकीवर अडली.

"ही मी नाही घेणार, दीदी."

पाव लिटरची बाटली. वर लेबल : ट्रायक्लोरोट्रायफ्लुरोइथेन. कधीकाळी उपकरणांवरचं ग्रीस धुवायला आणलेला द्रव. त्याच्यामुळे वरचा ओझोन विरळ होतो हे कळल्यावर जगाने त्याचं उत्पादन थांबवलं आणि ही बाटली फडताळात राहून गेली. तिला सिंकमध्ये ओतायचं नाही, जाळायचं नाही, उघडी ठेवून उडू द्यायचं नाही. इतके नियम घरच्या जावयालाही नसतात. देवयानीने चार वर्षं तिच्याबाबतीत एकच खबरदारी घेतली होती : तिच्याकडे बघायचं नाही.

मितालीने मात्र सुरक्षिततेची चारही पानं वाचली होती. पिवळ्या पेनने.

"सत्तेचाळीस पूर्णांक सहाला उकळतं हे. आज बाहेर किती आहे?"

"सेहेचाळीस."

"स्टोअरचा एसी?"

"मार्चपासून बंद."

"मतलब ही बाटली दीड डिग्रीवर उभी आहे, दीदी. दीड डिग्रीवर मी सही नाही करणार. आधी थंड करून द्या."

देवयानी विभागप्रमुख गोपीनाथ सरांकडे गेली. सरांना समोर उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं नेहमीच पटत असे. देवयानी बोलली तेव्हा तिचं पटलं. मग मिताली आत आली.

"मुलीचं बरोबर आहे," सर म्हणाले. "फ्रिज बघा."

कॉलेजात चालू फ्रिज एकच, गृहविज्ञान विभागात. तिथल्या साधना मॅडम लगेच हो म्हणाल्या. तेवढ्यात मितालीने दुसरं पान उलटलं.

"खाण्यापिण्याच्या वस्तूंसोबत ठेवायचं नाही."

फ्रिजमध्ये ताकाच्या अकरा बाटल्या होत्या. साधना मॅडमची अट एकच होती, ताक वाया जाता कामा नये. बाहेर ठेवलं तर अर्ध्या तासात आंबेल. प्यायला माणसं नव्हती, स्टाफ वर्गात होता.

"नंदकिशोर," देवयानी म्हणाली.

नंदकिशोर हा प्रयोगशाळेतला मदतनीस. विभागात सगळे मराठी, म्हणून तो स्वतःच मराठी शिकला होता. फक्त वाक्याशेवटी आदराचं 'हुकम' लावायची जयपुरी सवय त्याने सोडली नव्हती.

"मी सहा घेतो, हुकम. तुम्ही पाच."

चौथ्या बाटलीनंतर देवयानीला कऱ्हाड धूसर दिसायला लागलं. पण फ्रिज रिकामा झाला. बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून आली आणि मितालीच्या आग्रहाखातर थेट फ्रीजरमध्ये गेली. "चार वाजता चेक करू. थंड असली की सही." मग तिने पान उलटलं.

"ज्वाळेजवळ याची वाफ गेली तर विषारी वायू होतो. फॉस्जीन. मतलब, महायुद्धवाला."

भिंतीपलीकडे कँटीन होतं. तिथे कचोरीची कढई उकळत होती.

गोपीनाथ सरांनी कढई बंद करायला लावली. कँटीनवाला हात पुसत आला. "बाटली बंद है?"

"हो," देवयानी म्हणाली.

"तो फिर कढ़ाई क्यों बंद है?"

उत्तराऐवजी त्याला चार पानं वाचायला दिली. पावणेएकला कचोरी नाही असं कळताच मुलं बाहेर जमली. एकला घोषणा सुरू झाल्या. कोणीतरी फलकही केला; त्यावर ओझोनचा उल्लेख नव्हता.

"दीदी, अजून एक," मिताली म्हणाली. "वाफ हवेपेक्षा जड असते. खाली साचते. ऑक्सिजन हटवते."

"अगं, पण झाकण लागलेलं आहे ना!"

"मुलीचं बरोबर आहे," सर म्हणाले आणि बूट काढून टेबलावर मांडी घालून बसले. साधना मॅडम ओट्यावर चढल्या, मिताली खुर्चीवर. घोषणांचा आवाज ऐकून प्राचार्य तावातावाने आले. सरांनी त्यांना वरूनच दोन मिनिटं समजावून सांगितलं. प्राचार्यांनी एक स्टूल ओढलं आणि ते त्यावर उभे राहिले.

जमिनीवर फक्त देवयानी आणि नंदकिशोर होते. तिला आता गुदमरायची भीती उरली नव्हती. पोटात पाच बाटल्या ताक होतं आणि तिची बॅग गेटवर वॉचमनपाशी होती.

चार वाजले. मितालीने खुर्चीवरून उतरून हातमोजे चढवले, फ्रीजर उघडला आणि बाटली उजेडात धरली.

बाटलीत बर्फ होता. काठाशी जाड, मधोमध पातळ आणि वर तरंगणारा.

"थंड झाली," देवयानी म्हणाली. "कर सही."

"दीदी, हे उणे पस्तीसला गोठतं." मितालीने फ्रीजरवरचा आकडा वाचला. "इथे उणे दहा आहे. मतलब..."

मतलब टेबलावर, ओट्यावर आणि स्टुलावर एकाच वेळी पोचला. ते पाणी होतं.

सगळ्यांनी नंदकिशोरकडे पाहिलं. तो अजिबात गडबडला नाही.

"पाणीच आहे, हुकम. मी लागलो तेव्हाही पाणीच होतं. आधीच्या माणसाने ताबा देताना सांगितलं, रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. पंधरा वर्षांत जाऊ दिलं नाही. दिवाळीला बदलतो. शेवाळ धरतं ना."

"मग मूळचं गेलं कुठे?" प्राचार्यांनी विचारलं.

गोपीनाथ सरांनी हळूच छताकडे पाहिलं. छताच्या वर आकाश होतं.

सगळे एकेक करून खाली उतरले. साधना मॅडमनी फ्रिज पुसायला घेतला. मिताली मात्र ठाम होती. "पाण्याला मी ते नाव लावून ताबा नाही घेऊ शकत, सर. खोटं होईल."

"मुलीचं बरोबर आहे," सर म्हणाले. देवयानीने भिंतीला डोकं टेकलं. पाच वाजायला आले होते. पण सर पुढे बोलत होते. "आपण लिहू या, पाणी सापडलं. मग चौकशी समिती बसेल. दर शनिवारी. समितीला चिटणीस लागतो, आणि चिटणीस नेहमी सगळ्यात नवा माणूस असतो."

मितालीने सुरक्षिततेची पानं पुन्हा चाळली, यावेळी पाण्यासाठी. जळत नाही. विषारी नाही. सत्तेचाळीसला उकळत नाही. तिने हातमोजे काढले आणि नवव्या जागी सही केली.

देवयानीने कागद ओढून घेतला आणि ती पळाली. बाहेर कढई पुन्हा पेटली होती, घोषणा थांबल्या होत्या. जिन्याच्या वळणावर तिला मागून मितालीचा आवाज ऐकू आला. पिवळं पेन उघडल्याचाही.

"नंदकिशोरजी, पाणी कुठलं घालता? नळाचं?"

"नाही हुकम, आरओचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं."