बारा फळ्यांचं कुंपण

माझ्या सूर्यफुलाला आडोसा हवा असं माझ्या मनात आलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

फूल कसलं, परातच ती. काउंटीच्या जत्रेत यंदा पहिला नंबर माझाच, असं चर्चमध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं (देवाला सोडून, त्याला आधीच माहीत असणार). अडचण एकच, शेजारच्या ओट्टोचं खेचर. नाव मेयर, म्हणजे महापौर, आणि खाण्याची तऱ्हाही तशीच, आपलं-परकं काही बघत नाही. तारेवरून मान टाकून त्यानं माझी अख्खी रांग फस्त केली होती. उरलं होतं ते हे एकच.

"लाकडी कुंपण घालू," डेल्बर्ट म्हणाला. डेल्बर्ट म्हणजे माझा नवरा. जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळं मागून कोणी काही बोललं तर त्याला ऐकू येत नाही.

टेप घेऊन गेला आणि मेयरची हनुवटी मोजून आला. "सहा फूट उंच केलं की पोचत नाही तो. आडव्या फळ्या, एकावर एक, मधे फट नाही. सहा इंची फळी, बारा ओळी. बारा सक बाहत्तर. झाले सहा फूट."

मी गोधडी शिवत बसले होते. "सहाची पट्टी शिवली की साडेपाचच उरते रे. दोन्हीकडून दाबात जाते. एक ओळ जास्तीची मागव."

"नीव्हा, लाकडाला शिलाई नसते. चिंध्यांचा हिशेब सुताराला शिकवू नको."

"सुतार कुठाय?" मी इकडंतिकडं बघितलं.

आता, दोन-बाय-चार इंची म्हणून विकतात ते लाकूड मोजलं तर ना दोन भरतं ना चार, हे आमच्या मिसूरीत पाळण्यातलं पोरही जाणतं. पण डेल्बर्टला वाटलं, कुंपणाच्या फळ्या तरी प्रामाणिक असतील.

फळ्या आल्या. तो खांब रोवत होता तेव्हा मी हळूच माझी शिवणाची टेप एका फळीवर ठेवली. साडेपाच. माझ्या शिलाईत जातो तेवढाच अर्धा इंच वखारीच्या रंध्यात गेला होता. शहाण्या बाईनं लगेच वखारीत फोन केला असता. मी टेप गुंडाळली आणि लिंबाचं सरबत केलं. वर ओट्टोला बोलावलं, "ये रे, शेवटची फळी बघायला." (नवऱ्याचं तोंड पडणार, ते एकटीनं बघण्यात काय मजा?)

बारावी फळी ठोकून झाली. डेल्बर्टनं टेप लावली. पुन्हा लावली. मग टेप झटकली, जशी काही तिच्यात इंच अडकून बसलेत.

"किती रे भरलं?" मी विचारलं.

"जमीन वर आलीय," तो म्हणाला.

"माझ्या बाजूला तर आहे तिथंच आहे," ओट्टो म्हणाला.

मग मी उठले. कुंपणाला पाठ करून दोघांसमोर उभी राहिले आणि सुरू झाले. शिलाई, दाब, चिंध्या, सगळं काढलं. बसचे जुने अपघातही काढले. "आता म्हण," म्हटलं. "नीव्हाचं बरोबर होतं म्हण."

ओट्टो माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायला लागला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी जाईन तिथं मेयर मागं मागं येतो. तुम्हाला सांगायचं राहिलं."

मागं कचाकच आवाज. वळून बघते तर कुंपणावर हनुवटी टेकलेली, ओठाला पिवळी पाकळी. खाली नुसता दांडा.

तेव्हा डेल्बर्ट, ज्यानं लग्नापासून एकदाही हे तोंडातून काढलं नव्हतं, स्वच्छ आवाजात म्हणाला, "नीव्हा, तुझं बरोबर होतं."

जत्रेत मी रिकाम्या हातानं हिंडले. लोणची, भोपळे, गोधड्या, सगळ्याला बक्षिसं. बरोबर असण्याला कुठंच नव्हतं, मी विचारून आले. खेचरांच्या तंबूत मात्र मेयरला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली. अंगावरची चकाकी बघून परीक्षकानं विचारलं, खायला काय घालता? ओट्टोनं माइक हातात घेतला आणि भर तंबूत माझ्याकडं बोट दाखवून माझे आभार मानले.