ओटी नदीची, पोट होडीचं

मी सोजराबाई, मोशीची. शाळा दुसरीपर्यंत, पण अख्ख्या भावकीत माझ्यापुढं तोंड उघडायची कुणाची टाप नाही! तर त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या लेकीचं, सायलीचं लग्न पक्कं करूनच घरी यायचं. आणि तेही होडीत बसून!

झालं होतं असं, की रहाटणीच्या विमलबाई आमच्या सायलीला त्यांच्या मुलासाठी, समाधानसाठी पाहून गेल्या. पोहे खाल्ले, पोरगी निरखली आणि "कळवतो" म्हणून उठल्या. हे "कळवतो" म्हणजे गॅसवरचं दूध. उतूही जात नाही, नजर हलवताही येत नाही! पोरगी तोंडानं काही बोलत नव्हती, पण फोन वाजला की हातातलं लाटणं खाली पडायचं. समाधान तिच्या मनात भरला होता. आईला काय सांगावं लागतं?

विमलबाईंना मासे फार आवडतात, एवढं मी शोधून काढलं होतं. आणि माझा थोरला जयदीप, चाकणला कंपनीत वेल्डिंगला, त्यानं नुकतंच जुन्या वॉटर स्कूटरचं इंजिन पत्र्याच्या होडीत बसवलं होतं. जेट बोट म्हणे! खाली पंखा लोंबत नाही; पोटाखालून पाणी ओढते, मागनं पिचकारी मारते, की निघाली! आमच्या इंद्रायणीत मासे कुठले, नुसता फेस. म्हणून तो सुट्टीला भामा नदीवर गळ टाकायला जायचा.

मी विमलबाईंना निरोप धाडला, "तुमच्या डोळ्यांदेखत मासा धरून खाऊ घालते!" आल्या की हो!

काठावर जयदीपनं लाल जाकिटं पुढं केली. "आई, बक्कल लाव."

"मी नदीकाठी जन्मले! मला शिकवतो?"

"काठी जन्मलीस, नदीत न्हाई. लाव!"

लावलं. शेजारी विमलबाई. आम्ही दोघी म्हणजे टेम्पोत चढवलेली दोन सिलिंडरं!

जयदीपचं पुराण चालूच. "जाळं दिसलं की हळू. माणूस दिसला की आणखी हळू. आणि सुटं काही पाण्यात टाकायचं न्हाई, होडी गिळती."

निघालो. आता हळू म्हणजे किती हळू? काठावरची म्हैस पुढं गेली! विमलबाईंनी जांभई दिली. जांभई देणारी बाई होकार काय देणार?

"जयदीप, सोड की जरा! मयताला चाललोय का?"

"पुढं जाळं हाय, आई. लाट जाईल."

"लाट काय, जाती तशी येती! सोड म्हणते ना!"

सोडली. शर्यतीच्या घाटात बैलजोडी सुटावी तशी होडी उधळली! विमलबाईंची जांभई तिथंच मिटली. पुढं थर्माकोलच्या तराफ्यावर एक बाई जाळं ओढत होती. आमची लाट तिच्याखालून गेली, तराफा पाळण्यासारखा हलला आणि जाळ्याचा झाला गुंताच गुंता!

"ए जाकीटवाले!" ती ओरडली. "नदी काय तुझ्या बापानं कंपनीला दिल्याली जमीन हाय व्हय?"

"तुझ्या तरी बापाची हाय का?" मी सोडते काय!

जयदीपनं होडी हळू केली आणि मागं वळून हात जोडायला लागला. इकडं विमलबाईंचा चेहरा पांढरा. मला वाटलं, शुभकामात अपशकुन झाला. आता नदीलाच मनवावं. ओटीला आणलेल्या नारळाच्या पिशवीतून हिरवी साडी काढली, हळदकुंकू वाहिलं. "भामामाई, माझ्या पोरीचं जमू दे!" म्हणत सोडली पाण्यात.

साडी अशी सर्रकन खाली गेली, मला वाटलं माई पावली!

घर्र... घुर्र... घुस्स! इंजिन बंद.

"आई, काय टाकलंस?"

"ओटी भरली. नदीची."

"नदीची न्हाई, होडीची भरलीस!"

"मग काठाकडं वळव की!"

"मागनं पाणी निघाल्याबिगर ही वळत न्हाई!"

"वल्हं मार!"

"वल्हं? तुझ्या नारळाच्या पिशवीला जागा पायजे म्हणून तूच काठावर ठेवलंस!"

होडी आपली निवांत वाहत बंधाऱ्याकडं निघाली. पलीकडं पाणी धो धो पडत होतं. विमलबाईंनी माझा दंड धरला. बारीक आवाजात म्हणाल्या, "सोजराबाई, मी नुसतं कळवतो म्हणाले होते. त्याचा एवढा राग धरलात?"

मी सगळी लाज गुंडाळली आणि बोंब ठोकली, "ओ बाई! ओ ताई! ओ माझे माय!"

तीच बाई. मला वाटलं, आता ही आधी नाक घासायला लावणार. मी असते तर लावलं असतं! पण तिनं सपासप हात मारत तराफा आणला आणि दोर भिरकावला. "धर! शिव्या काठावर देते!"

आणि दिल्या हो! तिचं नाव चिमाबाई. काठाला दोर बांधला, कंबरेवर हात ठेवले आणि माझ्या माहेरापासून सासरपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. एकही शिवी फुकट गेली नाही. मी खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाले, "चुकलं माझं, चिमाबाई. तू होतीस म्हणून आमी हाय."

होडीच्या पोटातून साडीच्या चिंध्या उपसणाऱ्या जयदीपच्या हातून पक्कड पडली.

मग मी आणि विमलबाई मांडी घालून जाळ्याचा गुंता सोडवत बसलो. सुटेपर्यंत उठलो नाही. चिमाबाईनं तिथंच तीन दगडांवर कटला मासा शिजवला. "पाव्हणी उपाशी जाऊ नये," म्हणाली. तशी चव माझ्या हाताला जन्मात आली नाही, आणि हे मी कुणाबद्दल बोलत नसते. जीव वाचवून वर जेवायला घालणारी माणसं! त्या बाईचे उपकार कसे फेडू?

काटे बाजूला सारत विमलबाई म्हणाल्या, "सोजराबाई, पोरगी आम्हाला पहिल्या दिवशीच पसंत होती. अडलं होतं तुमच्या तोंडापाशी. म्हटलं, या बाईला कुणी गप करू शकतं की नाही? आज पाहिलं. आता काळजी नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "मग पक्कं समजू?"

"पक्कं," त्या म्हणाल्या आणि होडीकडं बघत जाकिटाचं बक्कल पुन्हा घट्ट केलं. "फक्त रुखवतात ही ठेवू नका!"