आप्पांच्या दारावरची फुली

घरावर फुली आली की माणूस चिडतो. आमच्या दौंडच्या गल्लीतले आप्पा मात्र फुली आली नाही तर चिडायचे.

फुली पोलिओवाल्या बायांची. रविवारी शाळेत पोरांना डोस पाजायचे आणि सोमवारपासून या बाया घरोघर फिरायच्या. घरातल्या पाच वर्षांच्या आतल्या सगळ्या पोरांना डोस मिळालेला असला, किंवा घरात पोरच नसलं, तर दारावर खडूनं इंग्रजी पी काढायच्या. एखादं राहिलं असलं तर फुली. फुलीच्या घरी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागायचं. माझ्या दारावर कायम पी. मी एकटी म्हातारी, मला कोण डोस पाजणार?

आप्पा रेल्वेत पॉइंटमन होते, रुळांचे सांधे बदलायचे. रिटायर झाले, पण अंगातली रेल्वे काही गेली नाही. जेवण झालं की "लाईन क्लियर". नळाला पाणी आलं की "गाडी लागली". समोरच्यांच्या सुनेला दिवस गेले तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, तिकडं सिग्नल पडलाय." माझे मालक त्यांच्याच बरोबर नोकरीला होते, म्हणून मी वहिनी. मालक गेले, मी वहिनीच राहिले.

पोलिओच्या रविवारी आप्पा सकाळीच गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचे. एका हातात लाल झेंडी, दुसऱ्या हातात हिरवी. पोर आलं की लाल पुढं करायची. "करंगळी दाव." डोस घेतलेल्याच्या करंगळीला शाई लावलेली असायची. शाई दिसली की हिरवी. नाही दिसली तर त्याच्या आईच्या नावानं गल्लीभर हाका. एकदा मिशी फुटलेल्या कॉलेजच्या मुलालाही अडवलं होतं.

एक बाई म्हणाली, डोसानं पुढं पोरं होत नाहीत म्हणे. आप्पा म्हणाले, "तुला सहा हायेत. तुला बी पाजाया पायजे हुता." बाई पोराला घेऊन शाळेकडं गेली.

एवढं राबून सगळ्या गल्लीत पी, आणि फुली एकट्या आप्पांच्या दारावर.

कारण नर्सबाईनं विचारलं, घरात लहान कोणी आहे का, की आप्पा सांगायचे, "हाय की. नातू. भाईर गेलाय." बाई फुली मारून जायची. दुसऱ्या दिवशी यायची तेव्हा पत्र्याची खुर्ची पुसलेली असायची आणि चहात आलं पडलेलं असायचं. नातू अजून बाहेरच. कुसुम नावाची ती नर्स चहा प्यायची, टाचा दुखतात म्हणून सांगायची आणि जायची.

त्या घराच्या दोरीवर मी पोराचं अंगडं कधी वाळताना पाहिलं नाही. मी तोंडावर म्हणाले, "आप्पा, त्या बाईला उगं हेलपाटे कशाला?"

"वहिनी, तुमची लाईन निराळी."

आप्पांचा मुलगा इटारसीला असतो, रेल्वेतच. त्यानं न विचारता लग्न केलं तेव्हा आप्पांनी त्याला सांगितलं, पुन्हा या स्टेशनात थांबू नको. मुलगा बापावर गेलेला. थांबला नाही. आप्पांची बायको त्या लग्नाच्या आधीच वारली होती. हे सगळ्या गल्लीला ठाऊक. नातवाचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून मी ते खोटंच धरून चालले होते.

पुढं कुसुमची बदली पाबळला झाली आणि एक तरुण नर्स आली. कडक मुलगी. तिनं पहिल्या दिवशी नातवाचं नाव आणि वय विचारलं. आप्पा म्हणाले, बाळू, तीन वर्षांचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, दत्तू.

"काल बाळू होता, आप्पा."

तिच्याबरोबर अंगणवाडीची मदतनीस होती. ती जुनी. ती म्हणाली, "दोन वर्सांमागं बी तीनच वर्साचा हुता."

"गाडी लेट हाय," आप्पा म्हणाले.

मदतनीस हसली. नर्स हसली नाही. म्हणाली, तुमच्या खोट्या फुलीपायी माझं काम अडतं. ही पुसते, पी काढते, आणि पुढच्या खेपेपासून या दाराशी थांबणारच नाही. तिनं पदरानं फुली पुसायला घेतली. अर्धी गेली. उरलेल्या अर्ध्या फुलीवर आप्पांनी पंजा ठेवला.

"नातू हाय," ते म्हणाले. "मालगाडीचा गार्ड सांगून गेला, पोरगा झाला म्हणून. तेवढ्यात गाडी हलली. नाव ईचारायचं ऱ्हायलं."

नर्सचा हात थांबला.

"बाई, तिकडं बी देत्यात का डोस?"

ती म्हणाली, देतात, सगळीकडे देतात.

"आन् त्याच्या दारात जातं का कुणी? ऱ्हायला तर फुली मारत्यात?"

"मारतात. पुन्हा जातात."

आप्पांनी मान हलवली, पण पंजा काढला नाही. नर्स माझ्याकडं वळली. मी माझ्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. म्हणाली, आजी, तुम्ही शेजारच्या, तुम्हीच सांगा, काय लिहू?

खोटं बोलायचं मला जमत नाही. मी तिला विचारलं, "फुली म्हंजी काय गं?"

"म्हणजे या घरातलं मूल चुकलंय."

"मग बरोबर हाय की फुली."

तिनं आप्पांचा हात बाजूला करून खडूनं राहिलेली अर्धी फुली पुरी केली. उद्या येते म्हणाली. आप्पा आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि मग त्यांचा.

"वहिनी, उद्या तुमची गाडी बी इकडंच वळवा."

मी चहा घेत नाही. पित्त होतं. हे त्यांना मालक होते तेव्हापासून माहीत. दुसऱ्या दिवशी नर्स आली तेव्हा त्यांनी तीन कप भरले.

मी प्यायले. आलं फार घातलं होतं.