साळिंदराची माफी आणि वरातीचा ठेका

एका जंगलात, बाळांनो, एक गिटारवाला साळिंदर राहत होता. नाव सदोबा. डोक्यावर रुंद टोपी, चारही पायांत बूट. गिटार छेडायला तो स्वतःच्याच पाठीवरचा काटा उपटायचा. कलेसाठी सोसावं लागतं, म्हणायचा.

त्याचं मंजुळा नावाच्या साळिंदरीवर प्रेम होतं. तिच्या बापाने त्याला मागणी घालायला बोलावलं. सदोबा त्या दिवशी गिटारीच्या तारा बदलत बसला. मंजुळा दारात वाट बघत राहिली आणि शेवटी तिने दार लावून घेतलं.

सदोबाला फार वाईट वाटलं. आता सरळ जाऊन माफी मागावी की नाही? पण पडला गायक. त्याने गाणं रचलं.

‘दारात तू, तारांत मी, चुकलो गं चुकलो...’

गाणं इतकं रडवं की दगडालाही उमाळा यावा. सुतारपक्ष्याला मात्र ते मिळमिळीत वाटलं. त्याने खोडावर चोच आपटून त्याला दणदणीत ठेका दिला.

झालं! ‘चुकलो गं’ प्रत्येक वरातीत वाजू लागलं. अस्वल मोहाची फुलं खाऊन, तोंडात रुमाल धरून नागीण डान्स करायचं. ते बघून खरा नाग लाजून बिळात जायचा. रानडुकरांच्या आज्यासुद्धा कंबर हलवायच्या. सदोबा डोळे मिटून रडायचा आणि पब्लिक ‘वन्स मोअर’ करायचं.

एवढी लग्नसराई उरकली की मंजुळाच्या दारी जाऊच, असं तो रोज ठरवायचा.

आणि मग सुपारी आली ती मंजुळाच्याच लग्नाची.

सदोबाचं काळीज फाटलं. त्याने सुतारपक्ष्याला गप्प बसवलं. मांडवाच्या दारात तो गाणं अगदी संथ, जीव ओतून गायला. आता तरी तिला कळेल आणि ती हार टाकून धावत येईल, अशी त्याला वेडी आशा होती.

मंजुळा खरंच उठून आली. तिचे डोळे भरले होते.

“मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “मी दार उघडून बसले होते, सदोबा. तू सगळ्यांच्या वरातीत गेलास, माझ्याकडे तेवढा आला नाहीस. आता ठेका लाव. पाहुणे खोळंबलेत.”

सदोबाने ठेका लावला. त्या वरातीत सगळ्यांत जास्त नाचली ती नवरी.

तात्पर्य: चूक झाली तर माफी मागायला जाऊ नये, गाणं करावं. माफी मागून फार तर बायको मिळते. गाण्याला दर लग्नसराईत सुपाऱ्या मिळतात.